क्रोधाचा दिवस आणि लोखंडाचा सूर



कामगार चळवळीतल्या माणसाला ह्या व्यासपीठावर बोलावले म्हणजे तो बोनसवर बोलणार, कंत्राटी पद्धतीवर बोलणार, फार तर एखाद्या जुन्या संपाच्या आठवणी सांगणार, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. आज मात्र मी एका ध्वनिमुद्रिकेविषयी बोलणार आहे. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील काही तरुणांनी ती १९९३ साली काढली. तिचे नाव 'डायमेन्शन्स', म्हणजे परिमाणे. काढणाऱ्या वाद्यवृंदाचे नाव 'बिलीव्हर', म्हणजे श्रद्धावान. आणि संगीताचा प्रकार तो, ज्याला जगभर 'मेटल' म्हणजे धातू असेच म्हणतात. कानठळ्या बसवणारा, किंचाळणारा, पुष्कळांच्या मते सैतानी. असल्या संगीतातून ख्रिस्ताचे नाव घेणारी ही मंडळी. हा विषय मी कळवला तेव्हा संयोजकांनी तो पुन्हा एकदा लिहून मागितला, यात त्यांचा दोष नाही.

हा विषय माझ्याकडे आला तो एका तंट्याच्या रूपाने. सुमारे दहा वर्षांपूर्वी आमच्या युनियनचे एक जुने सभासद आपल्या मुलाला घेऊन कचेरीत आले. गृहस्थ मूळचे नगरकडचे, मराठी ख्रिस्ती घराण्यातले; दर रविवारी देवळात जाणारे, नारायण वामन टिळकांची भक्तिगीते तोंडपाठ असणारे. प्रेसशॉपमध्ये त्यांची हयात गेली. मुलगा तंत्रनिकेतनात शिकत होता. 'भाऊ,' ते मला म्हणाले, 'तुम्ही एवढ्या मालकांशी बोलता, आता आमच्या घरातला निवाडा करा. हा पोरगा रात्रंदिवस कानाला ते लावून बसतो. आत माणूस ओरडत असतो, कुणी त्याचा गळा दाबल्यासारखा. आणि वर मला सांगतो, पप्पा, ही प्रार्थना आहे.' मुलगा हळू आवाजात म्हणाला, 'काका, तुम्ही एकदा ऐका तरी.' मी ऐकले. दोन मिनिटांत कान दुखले. परंतु लवादाने एका बाजूचे ऐकून निकाल देऊ नये हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलो आहे. म्हणून मी एक महिन्याची तारीख मागून घेतली आणि माझ्या सवयीप्रमाणे वाचायला लागलो. माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी अडले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या दिव्याखाली, आणि हाही अभ्यास तिथलाच आहे. तेव्हा संगीतशास्त्राच्या जाणकारांनी माझ्या चुका पदरात घ्याव्यात.

वाचू लागल्यावर पहिलीच गोष्ट जी समोर आली तिने मी खुर्चीत सरळ बसलो. हे संगीत एका पत्र्याच्या कारखान्यात जन्मले, आणि तेही एका अपघातातून.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम म्हणून शहर आहे. 'हजार धंद्यांचे शहर' हे त्याचे जुने बिरुद. खिळ्यांपासून बंदुकांपर्यंत आणि बटणांपासून मोटारींपर्यंत सगळे तिथे घडत असे. त्याच्या अॅस्टन भागात कामगारवस्तीत वाढलेला टोनी आयोमी नावाचा मुलगा १९६५ साली सतरा वर्षांचा होता. कारखान्यात तो वेल्डिंग करी आणि रात्री गिटार वाजवी. एका वाद्यवृंदाबरोबर युरोपच्या दौऱ्यावर जायचे ठरले म्हणून त्याने नोकरी सोडली. शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जाऊच नये असे त्याच्या मनात होते. पण आई म्हणाली, काम अर्धे टाकून येऊ नये, दिवस पुरा कर. त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नव्हता, म्हणून ह्या पोराला प्रेसवर उभे केले. त्याला त्या यंत्राची सवय नव्हती. प्रेस खाली आला, त्याने हात मागे ओढला, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाची व अनामिकेची टोके यंत्रातच राहिली. तो डावखुरा. म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका तोच.

आपल्यापैकी जे प्रेसशॉपमध्ये काम करतात त्यांना ह्या कथेतले प्रत्येक वाक्य ओळखीचे वाटेल. नेहमीचा माणूस गैरहजर, बदली माणूस अननुभवी, आणि काम थांबवायचे नाही. आपल्याकडच्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात मधल्या बोटाचे एक पेर गेले तर कमाईच्या शक्तीत सात टक्के हानी धरली होती, अनामिकेचे एक पेर गेले तर पाच टक्के. दोन्ही मिळून बारा. ते कोष्टक माझ्या इतके परिचयाचे आहे की कुणाशी हस्तांदोलन करताना माझे डोळे आधी त्याची बोटे मोजतात. परंतु गिटार वाजवणाऱ्याची कमाईची शक्ती किती टक्के गेली, हे असे कोष्टक सांगू शकत नाही.

डॉक्टरांनी सांगितले की आता वादन विसर. तेव्हा त्याच कारखान्यातल्या त्याच्या वरिष्ठाने त्याला एक रेकॉर्ड आणून ऐकवली. ती होती जँगो राइनहार्टची. हा जिप्सी वादक १९२८ साली गाडीला लागलेल्या आगीत भाजला होता, त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती आणि उरलेल्या बोटांवर त्याने सारे युरोप डोलवले होते. मुलाने मग कारागिराची अक्कल चालवली. भांडी धुण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिच्या गोळ्याला तापलेल्या सळईने भोक पाडून बोटांना बसतील अशा टोप्या केल्या, त्या घासल्या, त्यांवर जुन्या जाकिटाचे चामडे चिकटवले. जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढे तारा सैल करून सूर चक्क तीन अर्धस्वर खाली उतरवला. त्या सैल, खोल, घरघरणाऱ्या तारांतून जो आवाज निघाला तो जड होता, काळोखा होता, आणि त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' ह्या वाद्यवृंदाची ओळख ठरला. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी बाहेर आली. ती जवळपास एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली होती. त्यातील पहिल्याच गाण्याचा मुख्य चरण षड्ज, वरचा षड्ज आणि मग तीव्र मध्यम असा आहे. ह्याच स्वरांतराला युरोपात 'संगीतातला सैतान' असे नाव पडले होते. चर्चने त्यावर बंदी घातली होती अशी एक लोककथा सांगतात, पण तिला आधार नाही. आमच्या यमनात हाच तीव्र मध्यम दररोज संध्याकाळी सुखाने नांदतो, आणि त्याला अजून तरी कुणी सैतान म्हटलेले नाही.

ह्या मंडळींना लोकांनी सैतानाचे उपासक ठरवले. वस्तुस्थिती काय? गाणी लिहिणारा गीझर बटलर हा आयरिश कॅथॉलिक घरातला मुलगा. गळ्यात जे क्रूस ते घालत, ते गायक ऑझी ऑस्बर्नच्या वडिलांनी करून दिले होते. वडील कारखान्यात रात्रपाळीचे टूलमेकर. (धातू कंपनीच्या भंगारातला असला तर त्या रात्री सुपरवायझरने डोळे मिटले असतील, अशा सुपरवायझरांची नोंद इतिहासात होत नाही.) १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' ह्या त्यांच्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेत 'आफ्टर फॉरेव्हर' नावाचे एक गाणे आहे. त्यात बटलरने देवाची थट्टा करणाऱ्यांना उघड उघड जाब विचारला आहे. उत्तर आयर्लंडमध्ये त्या वेळी ख्रिस्ताच्या नावाने ख्रिस्ती माणसे एकमेकांना मारत होती, ही त्याची पार्श्वभूमी. म्हणजे ज्यांना सैतानाचे म्हटले, त्यांच्याच घरात ह्या प्रकारातले एक ख्रिस्ती गाणे तयार झाले. त्याच प्रदेशातल्या 'जुडास प्रीस्ट' ह्या दुसऱ्या वाद्यवृंदाने एप्रिल १९८० मध्ये 'ब्रिटिश स्टील' नावाची ध्वनिमुद्रिका काढली; इंग्लंडच्या पोलाद कामगारांचा तेरा आठवड्यांचा संप त्याच महिन्यात संपला होता. हे इतके शेजारी शेजारी घडत होते.

आता ख्रिस्ती मेटलकडे येतो. तिचा इतिहास थोडक्यात सांगता येतो आणि थोडक्यात सांगणेच बरे, कारण त्यातला बराचसा भाग मला फारसा भावला नाही. अपवाद शिकागोच्या 'रिझरेक्शन बँड'चा. ही मंडळी गरीब वस्तीत एका सामुदायिक घरात राहत, सर्वांची कमाई एका पेटीत टाकत, आणि १९७८ सालच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून रॉक संगीतात ख्रिस्ताची गाणी म्हणत. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदावरही त्यांनी गाणे केले. त्यांच्या एका पेटीचे मला फार कौतुक वाटते. आमच्या युनियनची वर्गणी गोळा करताना ते विशेष वाटते. पुढे कॅलिफोर्नियात 'स्ट्रायपर' निघाले. पिवळेकाळे पट्ट्यांचे कपडे, प्रेक्षकांत नव्या कराराच्या प्रती फेकणे, असा त्यांचा थाट. त्यांच्या १९८६ च्या 'टू हेल विथ द डेव्हिल' ह्या ध्वनिमुद्रिकेच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. लगेच दूरचित्रवाणीवरचे प्रख्यात धर्मोपदेशक जिमी स्वॅगर्ट ह्यांनी १९८७ साली एक पुस्तक लिहून असल्या सगळ्या धार्मिक रॉक संगीताला मेंढराच्या कातड्यातला लांडगा ठरवले.

हा वाद आपल्याला नवा नाही. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर अभंग आणि कीर्तन ही वारकऱ्यांची व हरदासांची साधने ख्रिस्ताच्या चरणी लावली. आज मराठी देवळांत ती सोवळी झाली आहेत. माझे सभासद टिळकांची गीते डोळे मिटून म्हणतात तेव्हा हाही एके काळचा उसना घाट आहे हे त्यांच्या ध्यानात नसते. मी त्यांना ते सांगितले. ते म्हणाले, 'भाऊ, टिळकांनी गोड गळ्याने म्हटलं. हा ओरडतोय.' मुद्दा बिनतोड होता. घाट उसना घेणे ही एक गोष्ट. पण ओरडणे उसने घेता येते काय, आणि देवासमोर ओरडावे काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर मला एका लॅटिन स्तोत्राच्या इतिहासात मिळाले.

'डीएस इरे' हे त्या स्तोत्राचे नाव. अर्थ, क्रोधाचा दिवस. तेराव्या शतकातली ही रचना. चेलानोचा थॉमस नावाच्या फ्रान्सिस्कन साधूच्या नावावर ती परंपरेने सांगतात. तीन तीन ओळींची कडवी, तिन्ही ओळींना एकच यमक, घणाचे घाव पडावेत तशी. त्यात काय सांगितले आहे? एक दिवस असा येईल की सारे जग राख होईल. रणशिंग वाजेल, थडग्यातली माणसे उठून उभी राहतील, एक ग्रंथ उघडला जाईल आणि त्यात सर्व काही लिहिलेले असेल. जे लपवले ते उघडे पडेल, आणि कसलीही गोष्ट शिक्षेवाचून राहणार नाही. रोमन कॅथॉलिक चर्चमध्ये मृतांसाठीच्या मिस्सेत हे स्तोत्र शतकानुशतके गायले गेले. १५७० च्या मिस्सापुस्तकात जुनी असंख्य अनुक्रमगीते काढून टाकून जी चार ठेवली, त्यांतले हे एक. मोझार्टच्या १७९१ च्या अपुऱ्या राहिलेल्या रेक्विएममध्ये ते आहे, व्हेर्दीच्या १८७४ च्या रचनेत आहे. त्याची जुनी चाल बर्लिओझने १८३० साली आपल्या सिंफनीत चेटकिणींच्या नाचात आणली. आपल्या गोव्यात आणि वसईत लॅटिन मिस्सा होत तोवर मृतांसाठी हेच शब्द म्हटले जात. रोमच्या विधीत तेव्हा भाषा एक आणि पुस्तक एक होते.

१९६९-७० च्या सुधारणेत हे स्तोत्र मृतांच्या मिस्सेतून निघाले. सुधारकांचे म्हणणे असे की मृत्यूच्या प्रसंगी भय आणि निराशा ह्यांपेक्षा पुनरुत्थानाची आशा गायली जावी. त्यांचा हेतू चांगला होता. दुःखात बुडालेल्या माणसाला राखेची आणि शिक्षेची आठवण कशाला द्या, असे कोणीही म्हणेल. पण काळ पाहा. ज्या हिवाळ्यात क्रोधाचा दिवस वेदीवरून खाली उतरवला जात होता, त्याच हिवाळ्यात बर्मिंगहॅमच्या कामगारांची मुले पावसाचा आणि घंटेचा आवाज घालून आपली पहिली ध्वनिमुद्रिका काढत होती. मी ह्यात कार्यकारण सांगत नाही. दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता. एवढेच म्हणतो की क्रोधाची भाषा देवघरातून निघाली तेव्हा कारखान्याच्या दाराशी तिला घर मिळण्याची तयारी झालेली होती.

आणि वीस वर्षांनी, १९९० साली, 'बिलीव्हर' ह्या वाद्यवृंदाने आपल्या 'सॅनिटी ऑब्स्क्युअर' ह्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेत ते स्तोत्र परत आणले. गाण्याचे नावच 'डीएस इरे'. व्हायोलिनवादक स्कॉट लेर्ड ह्यांची त्यांना साथ होती आणि ज्युलियान लेर्ड ह्या गायिकेचा उंच पट्टीचा, ऑपेराच्या शिक्षणातून आलेला स्वर होता. त्या स्वराभोवती गिटारी आणि ड्रम तुटून पडतात. असे मिश्रण करणारे हेच पहिले, असे त्यांचे चाहते म्हणतात. ते पूर्ण खरे नाही. स्वित्झर्लंडच्या 'केल्टिक फ्रॉस्ट'ने १९८७ साली वाद्यमेळ आणि स्त्रीस्वर मेटलमध्ये आणला होता. पण क्रोधाच्या स्तोत्राला क्रोधाचे वाद्य इतक्या सरळपणे ह्यांनी जोडून दिले, आणि पुढे दहा वर्षांत युरोपभर ऑपेरा व मेटल ह्यांचा जो संसार सुरू झाला त्याच्या आधीच्या काळातले हे एक ठळक उदाहरण आहे.

हे तरुण कोण? गिटार वाजवणारा व गाणारा कर्ट बॅकमन आणि ड्रमवादक जोई डॉब हे दोघे मुळापासूनचे. गाव कोलब्रुक, परगणा लेबनॉन. नकाशात हे गाव शोधताना मला त्याच परगण्यात कॉर्नवॉल सापडले. तिथली लोखंडाची खाण अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाली. शेजारच्या भट्टीने अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धासाठी तोफा ओतल्या. १९७२ च्या वादळात खाणीत पाणी शिरले आणि १९७३ साली ती बंद झाली. दोनशे वर्षांहून अधिक काळ ज्या मातीतून लोखंड काढले, तिथले हात रिकामे झाल्यावर दहा-पंधरा वर्षांत तिथल्या मुलांनी धातूच्या नावाचे संगीत हातात घेतले. त्यांच्या गाण्यांत मात्र ह्या खाणीचे नाव मला आढळले नाही. ही माझी त्यांच्याविरुद्धची एक तक्रार आहे आणि मी ती मागे घेत नाही. बर्मिंगहॅमच्या पोरांनी निदान 'वॉर पिग्ज'मध्ये युद्ध पुकारून गरिबांना मरायला पाठवणाऱ्यांचा समाचार घेतला. ह्यांचा सगळा झगडा मनात, ज्ञानात, श्रद्धेत. माणसाला पगार कुठून मिळतो ह्याविषयी हे श्रद्धावान अगदी गप्प.

'डायमेन्शन्स' हा त्या मनातल्या झगड्याचा कळस. १९९३ साली ती निघाली तेव्हा त्यांच्या ध्वनिमुद्रिका एका छोट्या ख्रिस्ती कंपनीमार्फत धार्मिक दुकानांत आणि रोडरनर ह्या मोठ्या मेटल कंपनीमार्फत बाजारात, अशा दोन्हीकडे जात. एकीकडे हे फार ओरडतात म्हणून नाक मुरडणार, दुसरीकडे हे देवाचे नाव घेतात म्हणून. दोन दगडांवर पाय ठेवून उभे राहण्याची ही कसरत वाटाघाटी करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे.

ध्वनिमुद्रिकेचा पूर्वार्ध सुट्या गाण्यांचा. त्यांची नावेच पाहा: 'भविष्यातले मन', 'जे आहे पण असू शकत नाही', आणि भौतिकशास्त्रातला शब्द उचलून 'सिंग्युलॅरिटी'. ताल सरळ चालत नाही. चारांत बांधलेले कान पाचात, सातात फेकले जातात. लय धावते, मध्येच थांबते, मागे वळते. पहिल्यांदा ऐकताना वाटते की वादक चुकले. चौथ्यांदा ऐकताना कळते की ते एकही मात्रा सोडत नाहीत. आमच्या लावणीच्या ढोलकीवर वाढलेल्या माणसाला तालाची ही करामत परकी वाटू नये. परका वाटतो तो गळा. बॅकमन गात नाही, शब्द भुंकतो.

उत्तरार्धात एकच दीर्घ रचना आहे, सुमारे वीस मिनिटांची. तिचे नाव 'ज्ञानाची त्रयी'. प्रास्ताविक 'जन्म', आणि मग तीन भाग: 'असत्य', 'सत्य', 'किल्ली'. इथे सेलो आहे, व्हायोलिन आहे, ती स्त्री पुन्हा आहे, आणि भुंकणाऱ्या गळ्याच्या जोडीला दुसराही पुरुषस्वर आहे. मला ह्यातले धाडस असे वाटते की असत्याला त्यांनी एक कडवे देऊन वाटेला लावले नाही; त्याला सबंध एक भाग दिला, त्याचा वकील त्याला मिळू दिला. प्रचाराचे गाणे असे करत नाही. आमच्या चळवळीच्या गाण्यांत मालकाला बोलायला कधी कुणी पूर्ण कडवे दिले आहे काय? आणि 'सत्य' आल्यावरही रचना संपत नाही, हेही लक्षात घ्या. सत्य ऐकून झाले तरी दार उघडायला किल्ली निराळी लागते, असे त्यांनी भागांच्या क्रमानेच सांगितले आहे. ती कोणती ते ख्रिस्ती माणसाला सांगावे लागत नाही. मी ख्रिस्ती नाही, कोणत्याच देवळात जात नाही. परंतु सभेत सत्य सांगून टाळ्या मिळाल्या आणि दुसऱ्या दिवशी फाटक बंदच, हा अनुभव मी कित्येकदा घेतला आहे.

ह्या ध्वनिमुद्रिकेनंतर वर्षभरात वाद्यवृंद मोडला. खप बेताचा, आणि पोटापाण्याचे प्रश्न कुणाला सुटलेत? बॅकमन पुढे वैद्यकीय संशोधनाकडे गेला. २००९ आणि २०११ साली ह्या मंडळींनी पुन्हा एकत्र येऊन दोन ध्वनिमुद्रिका काढल्या. त्या मी ऐकल्या, पण त्यांवर बोलावे असे मला काही सुचले नाही.

मला बोलायचे आहे ते पुन्हा त्या स्तोत्राविषयी. त्याचा अर्थ लावताना एक गोष्ट मला उशिरा दिसली. पहिल्या कडव्यांत तो दिवस आहे, जग आहे, रणशिंग आहे. मध्यावर एकाएकी 'मी' येतो. तो ग्रंथ उघडल्यावर मी बिचारा काय बोलणार, कुणाला वकील म्हणून बोलावणार, जिथे सज्जनांचीच धडगत नाही? इथून शेवटपर्यंत मग सगळी विनवणीच आहे. आम्ही चळवळीतले लोक क्रोधाच्या दिवसाची वाट पाहतच मोठे झालो. फाटकावरच्या सभेत मी हजार वेळा सांगितले असेल की एक दिवस हिशेब होईल. तो हिशेब नेहमी दुसऱ्याचा होता.

आता तो ग्रंथ उघडतोच आहे तर माझे पानही वाचून दाखवतो. माझ्या ह्या सभासदाच्या डाव्या हाताची दोन बोटे प्रेसमध्ये गेली, त्याला आता बरीच वर्षे झाली. कारखान्याचे नाव सांगत नाही. प्रेसला दोन बटणे असतात; दोन्ही हातांनी दोन्ही दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये म्हणून. एक बटण पाचर मारून कायमचे दाबून ठेवले की एक हात मोकळा होतो, माल भराभर सरकवता येतो आणि तासाला नग वाढतात. पाचर कामगारानेच मारलेली असते, असे मालकाचा वकील म्हणतो, आणि ते खरेही असते. पण ती का मारतो? त्या शॉपमध्ये उत्पादनावर प्रोत्साहन भत्ता ठरला होता आणि नगांचा आकडा असा होता की दोन्ही हात बटणांवर ठेवून तो गाठणे कठीण. त्या करारावर कामगारांतर्फे सही माझी आहे. भत्ता वाढवून आणला म्हणून त्या संध्याकाळी त्यांनी मला खांद्यावर घेतले होते. पाचरी सर्वांना दिसत होत्या. मलाही दिसत होत्या. एका हाताची दोन बोटे: परिशिष्टाप्रमाणे वीस टक्के. ती रक्कम मी भांडून मिळवून दिली, आणि त्याबद्दलही माझे आभार मानले गेले.

तारखेप्रमाणे महिन्याने बापलेक कचेरीत आले. मी बर्मिंगहॅमच्या त्या मुलाची हकीकत सांगितली. बाटली वितळवून केलेल्या टोप्यांचे वर्णन आले तेव्हा त्यांनी न कळत आपला डावा हात टेबलावर ठेवला. मग कराराविषयी मला जे बोलायचे होते ते बोललो. ते म्हणाले, 'भाऊ, ते मला तेव्हाच माहीत होतं.' एवढेच. मुलगा खाली पाहत होता.

नंतर मी मुलाला म्हटले, आता लाव. त्याने कचेरीतल्या स्पीकरला मोबाइल जोडला आणि 'डीएस इरे' लावले. बाहेरच्या बाकावर बसलेले दोघे-तिघे दारात येऊन उभे राहिले. वडिलांनी डोळे मिटले. गाणे संपल्यावर बराच वेळ त्यांनी ते उघडले नाहीत.

'दुपारच्या पाळीला आमचे सगळे प्रेस एकदम सुरू व्हायचे,' ते म्हणाले, 'तसं आहे हे.' मग मुलाकडे वळून म्हणाले, 'मधे ती बाई गाते ना, तेवढं पुन्हा लाव.'